चट्टा, तुकडा आणि स्टेम सेलचे मार्कर : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता एका ओळीत स्टेम सेलच्या मार्करचा, म्हणजे पेशी ओळखायच्या खुणेचा, उल्लेख आला आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्या ओळीवरच आली. बरीच घाबरून लिहिलेली आहेत, काहींनी रिपोर्टचे फोटो जोडलेत. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. मी ओरल पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तोंडातून काढलेला तुकडा काचेवर येतो तो मायक्रोस्कोपखाली बघायचा हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तरं पण त्याच खुर्चीतून येतील.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४, कॉलेजपासून खर्रा खातो. उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, दुखत वगैरे काही नाही. डेंटल कॉलेजमध्ये तुकडा काढला, रिपोर्टमध्ये ‘माइल्ड डिस्प्लेझिया’ आलं. तिथे पीजी करणाऱ्या मुलीने तिच्या स्टडीसाठी म्हणून त्याच तुकड्यावर सीडी ४४ आणि एएलडीएच १ अशा दोन टेस्ट केल्या, दोन्ही पॉझिटिव्ह. गूगल केलं तर ‘कॅन्सर स्टेम सेल मार्कर’ असं दिसतं. झोप उडालीय. मला कॅन्सर झालाय का? (वाचक, अमरावती)

उत्तर : नाही. या रिपोर्टमध्ये कॅन्सर कुठेही नाहीये, ते आधी नीट ऐका आणि आज रात्री झोपा. आता दोन्ही नावं एकेक करून बघू.

आपल्या गालाच्या आतलं अस्तर थरांचं असतं. सगळ्यात खालच्या थरात ज्या पेशी असतात त्यातल्या काही स्टेम सेल असतात, म्हणजे त्या स्वतः तशाच राहतात आणि वरच्या थरांना नव्या पेशी पुरवत राहतात, म्हणून तर चहाने भाजलेलं तोंड चार दिवसात बरं होतं आणि गालाचं अख्खं अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवं होतं. तर स्टेम सेल ही काही वाईट गोष्ट नाही, ती नसती तर आपण जेवू पण शकलो नसतो.

सीडी ४४ हे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रोटीन आहे. ते बघायला काचेवर अँटिबॉडी घालतात, मग रंग आणतात, जिथे प्रोटीन असेल तिथे तपकिरी दिसतं आणि बाकीच्या पेशींची केंद्रं निळी. आता गंमत बघा, एकदम निरोगी माणसाच्या गालाची काच लावली तरी खालच्या थरांत प्रत्येक पेशीची कड तपकिरी दिसते, अगदी ठळक. म्हणजे नुसतं ‘सीडी ४४ पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं असेल तर त्याचा तुमच्यापुरता अर्थ जवळपास काहीच नाही. किती थरांपर्यंत चढलंय, किती गडद, हे बघावं लागतं आणि ते बघून सुद्धा एका पेशंटबद्दल ठाम काही सांगता येत नाही.

एएलडीएच १ जरा जास्त महत्त्वाचं. हे पेशीच्या आतलं एन्झाइम, ते विषारी अल्डिहाइडं निकामी करतं, आणि ज्या पेशींत हे भरपूर असतं त्या औषधांना पण दाद देत नाहीत. पांढऱ्या चट्ट्यांच्या काही अभ्यासांत असं दिसलंय की एएलडीएच १ पॉझिटिव्ह चट्ट्यांपैकी जास्त चट्टे पुढे बिघडले. पण हे अभ्यास लहान आहेत, पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं याची रेघ प्रत्येकाने वेगळी ओढलीय, आणि म्हणूनच जगात कुठल्याही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात या टेस्टवरून चट्ट्याची ट्रीटमेंट ठरवत नाहीत. त्या मुलीने स्टडीसाठी केलं ते चांगलंच केलं, अशा स्टड्यांतूनच पुढे काहीतरी हाती लागेल, पण तो आकडा तिच्या थिसिससाठी आहे, तुमच्या फायलीसाठी नाही.

तुमच्या फायलीत महत्त्वाचं काय, तर माइल्ड डिस्प्लेझिया. म्हणजे पेशींची ठेवण थोडी बिघडलीय आणि ती खालच्या एक तृतीयांश भागापुरती आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर पांढऱ्या चट्ट्यांपैकी साधारण १० टक्क्यांच्या आसपास पुढे काही वर्षांत कॅन्सरकडे जातात, लाल चट्ट्यांचं प्रमाण बरंच वाईट, जवळपास एक तृतीयांश. तुमचा चट्टा कुठे आहे, केवढा आहे, सगळीकडे सारखा पांढरा आहे की मध्ये लाल ठिपके आहेत, याला मार्करपेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. आणि पन्नीत घोटलेला तो खर्रा, त्यात सुपारी पण आली, तंबाखू पण आला आणि चुना पण आला, तो आजपासून बंद. उद्यापासून नाही. मग काही आठवड्यांनी त्याच डॉक्टरांना परत दाखवा, चट्टा तसाच असेल तर काढून टाकायचा का ते ते ठरवतील, आणि काढला तरी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चालूच ठेवायची. आणखी एक, उद्या कुणी सांगितलं की मार्कर निगेटिव्ह आले, तर म्हणून तपासणी सोडू नका. मला खरी भीती त्याचीच वाटते.

प्रश्न : मी बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्ट ४, सॉक्स २, नॅनॉग, बीएमआय १, सीडी १३३ अशी यादी पाठ करतेय पण एका पेपरात एक मार्कर डिस्प्लेझियात वाढलेला असतो आणि दुसऱ्यात नसतोच. विश्वास कशावर ठेवायचा? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : यादी पाठ करू नकोस, ही नावं आली कुठून ते बघ, मग आपोआप लक्षात राहील. कॅन्सरमध्ये सगळ्या पेशी सारख्या नसतात, थोड्याच पेशींत नवी गाठ उभी करायची ताकद असते, त्यांनाच कॅन्सर स्टेम सेल म्हणतात, हे आधी रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसलं, टोरांटोच्या जॉन डिक यांच्या टीमने १९९४ आणि १९९७ मध्ये दाखवलं. २००३ मध्ये तेच ब्रेस्ट कॅन्सरमध्ये दिसलं. मग २००७ मध्ये स्टॅनफर्ड आणि मिशिगनच्या लोकांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या गाठी घेतल्या, त्यात तोंडाच्या पण होत्या, पेशी वेगळ्या केल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत टोचल्या. सीडी ४४ असलेल्या पेशी, ज्या बहुतेक गाठींत १० टक्क्यांपेक्षा कमी होत्या, त्यांनी नव्या गाठी केल्या, नसलेल्यांनी केल्या नाहीत. सीडी ४४ तोंडाच्या कॅन्सरमध्ये आलं ते असं.

ऑक्ट ४, सॉक्स २, नॅनॉग ही वेगळ्या घरची मंडळी आहेत, ती भ्रूणातल्या स्टेम सेलमध्ये असतात. जपानच्या यामानाकांनी २००६ मध्ये चार जीन घालून उंदराच्या साध्या पेशीला परत स्टेम सेलसारखं केलं, त्यात ऑक्ट ४ आणि सॉक्स २ होते, आणि पक्व पेशी परत मागे नेता येते या शोधासाठी २०१२ चं नोबेल ब्रिटनचे गर्डन आणि यामानाका या दोघांना मिळालं. साहजिकच प्रत्येक कॅन्सरमध्ये ही नावं शोधायची लाट आली. सॉक्स २ ला तोंडाच्या कॅन्सरमध्ये भक्कम कारण आहे, तो जीन तिसऱ्या क्रोमोसोमच्या लांब भुजेवर ज्या जागी बसलाय तिथल्या प्रती या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढलेल्या असतात. ऑक्ट ४ बद्दल मात्र सावध राहा. त्याचे खोटे जीन आहेत, म्हणजे सिक्वेन्स जवळपास तोच पण काम काही नाही, आणि शिवाय ऑक्ट ४ ए आणि ऑक्ट ४ बी असे दोन प्रकार, त्यातला स्टेमपणाशी संबंध पहिल्याचाच. पीसीआरचा, म्हणजे जीनच्या प्रती वाढवून बघायच्या टेस्टचा, प्रायमर किंवा अँटिबॉडी नीट निवडली नाही तर बी ला किंवा खोट्या जीनलाच पॉझिटिव्ह म्हणून मोकळं होता येतं. असे पेपर आहेत, वाचताना आधी मटेरियल्स अँड मेथड्स हा भाग उघड, ऑक्ट ४ चा डाग केंद्रात दाखवलाय की पेशीरसात ते बघ, खरा ए केंद्रात असतो.

सीडी १३३ चं पण तसंच, नेहमीच्या अँटिबॉड्या त्या प्रोटीनवर साखरेचे धागे कसे लागलेत त्यावर अवलंबून असतात, प्रोटीन असून दिसणार नाही असं होऊ शकतं.

मला स्वतःला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे बीएमआय १ चं, म्हणजे स्टेम सेलला स्टेम सेलच राहू देणाऱ्या प्रोटीनचं, २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून आलेलं. त्यांनी नुसतं पेशी काढून दुसऱ्या उंदरात टोचण्यावर भागवलं नाही. उंदरांना पाण्यातून कॅन्सर करणारं रसायन दिलं, जिभेवर कॅन्सर झाला, आणि बीएमआय १ असलेल्या पेशींना त्याच जागी खूण करून त्यांच्या पुढच्या पिढ्या कुठे गेल्या ते बघितलं. त्याच पेशी आत घुसत होत्या, लिम्फ नोडकडे जात होत्या, आणि सिसप्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर गाठ लहान झाली तरी त्या उरत होत्या. जागच्या जागी बघणं आणि काचेवर तपकिरी रंग मोजणं यात खूप फरक आहे.

आणि कॅन्सरपूर्व चट्ट्यांबद्दल विचारशील तर आजवर सगळ्यात जास्त तपासून पाहिलेली खूण स्टेम सेल मार्कर नाहीच, तिसऱ्या आणि नवव्या क्रोमोसोमच्या छोट्या भुजेवरचे तुकडे हरवलेत का ते बघणं, ती आहे. अमेरिकेत ज्यांचे असे तुकडे हरवलेत अशा १५० पेशंटना एर्लोटिनिब हे कॅन्सरचं औषध किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन बघितलं, २०१६ मध्ये निकाल आला, औषधाने कॅन्सर टळला नाही पण तुकडे हरवलेल्यांना धोका जास्त हे मात्र पक्कं झालं. म्हणजे धोका ओळखता येतो आणि तरी द्यायला गोळी नाही, अशी आपली अवस्था आहे. थिसिस करशील तेव्हा आपल्याकडच्या गाल आणि हिरडीच्या कॅन्सरवर कर, २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनवर काम करणारी संस्था आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे केंद्र यांनी मिळून याच कॅन्सरचं जीन सिक्वेन्सिंग केलं होतं, त्यात पी ५३, नॉच १ वगैरे ओळखीचे जीन तर निघालेच पण यूएसपी ९ एक्स, एआरआयडी २ असे इथे जास्त दिसणारे पण निघाले. जिभेच्या कॅन्सरवरचे परदेशी निष्कर्ष तंबाखू धरलेल्या गालाला तसेच्या तसे लावायचे नाहीत.

प्रश्न : बाबांचं डाव्या गालाचं ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशन झालं, डॉक्टर म्हणाले सगळं निघालं, कडा क्लिअर. आता दीड वर्षाने उजव्या बाजूला हिरडीजवळ नवीन जखम, तुकड्यात कॅन्सरच. पहिल्या ऑपरेशनमध्ये काही राहिलं का? बाबा आम्हालाच दोष देतायत की कुठे नेलंत मला. (वाचक, सातारा)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. लांबून कुठल्याही ऑपरेशनबद्दल मी बोलू शकत नाही, पण दुसऱ्या बाजूला नवीन कॅन्सर होणं याचा अर्थ पहिलं ऑपरेशन चुकलं असा होत नाही, हे बाबांना माझ्या वतीने सांगा.

१९५३ मध्ये शिकागोच्या स्लॉटर यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरचे ७८३ पेशंट तपासून दाखवलं की गाठीच्या आजूबाजूचं दिसायला चांगलं अस्तर सुद्धा आतून बिघडलेलं असतं. तंबाखू काही एका जागेलाच लागत नाही, तोंडभर लागतो. पुढे जीन बघता यायला लागले तेव्हा याचं कारण पण कळलं, खालच्या थरातल्या एखाद्या स्टेम सेलमध्ये पी ५३ सारखा जीन बिघडतो, तिची प्रजा तेवढ्या भागात पसरते, डोळ्यांना काही दिसत नाही, मग त्यात आणखी बिघाड जमत जातात आणि तो भाग शेजाऱ्यांना मागे सारत सेंटीमीटरभर किंवा जास्तही होतो. असा पट्टा तोंडात एकापेक्षा जास्त जागी असू शकतो. सर्जन गाठ आणि भोवतीची चांगली कड काढतात, अख्खं तोंड काढू शकत नाहीत.

त्याच जागी परत येणाऱ्या कॅन्सरचं थोडं वेगळं. तुम्ही शेतकरी आहात असं लिहिलंय, तर हरळीचं बघा, वरून कितीही कापली आणि जमिनीत काशीचं एक पेर राहिलं तरी पावसात ती परत येते. रेडिएशन आणि केमो भराभर वाढणाऱ्या पेशी चांगल्या मारतात, पण स्टेमसारख्या पेशी बऱ्याचदा हळू वाढतात, डीएनए दुरुस्त करून घेतात, आणि एबीसीजी २ सारखे पंप वापरून औषध बाहेर फेकतात. म्हणून या मार्करमागे एवढी धावपळ चाललीय, त्या उरलेल्या पेशी ओळखता आल्या तर त्यांच्यावर औषध काढता येईल.

आत्ता करायचं ते, बाबांना त्याच टीमकडे घेऊन जा, त्यांच्याकडे जुन्या काचा आणि तुकड्यांचे मेणातले ब्लॉक असतील. दुसऱ्यांदा पण ऑपरेशन होऊ शकतं, खूप जणांचं होतं. आणि बाबा अजून चोरून तंबाखू खातात असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, ते डॉक्टरांना न लाजता सांगा, बाबांवर ओरडू नका, सवय सोडवायला पण औषधं असतात.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, सुगंधी सुपारी आणि मसाला, तंबाखू नाही असं म्हणतो. आता तोंडात दोन बोटंच जातात, तिखट अजिबात सहन होत नाही. एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन तोंड पूर्ण उघडेल म्हणतायत, खर्च खूप आहे. करू का? (आई, नागपूर)

उत्तर : ताई, नका करू. हा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं अस्तर आतून घट्ट होत जाण्याचा आजार, आहे असं वर्णनावरून वाटतंय. १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला आणि १९५३ मध्ये डॉ. जोशींनी इथे भारतात, तेव्हापासून त्याच्यावर रामबाण शोधणं चालू आहे. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्याने अस्तराखाली कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रोटीन, साठत जातं, सुपारीतलं तांबं ते आणखी घट्ट करतं, मग गाल कातड्याच्या पट्ट्यासारखा होतो आणि बोट लावलं तर आत ताठ दोऱ्या लागतात. ‘तंबाखू नाही’ यात समाधान मानू नका, नुसती सुपारी सुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००४ मध्ये छापलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलंय.

स्टेम सेल इंजेक्शनचे या आजारात अगदी मोजक्या पेशंटवर प्रयोग झालेत, ती मान्य ट्रीटमेंट नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मान्यता नसलेली स्टेम सेल थेरपी मंजूर ट्रायलच्या बाहेर द्यायचीच नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

सुपारी पूर्ण बंद केली तर पुढे वाढणं बहुतेकदा थांबतं. तोंड उघडायचे व्यायाम रोज, गालातली स्टिरॉइडची इंजेक्शनं, फारच घट्ट असेल तर पट्ट्या सोडवायचं ऑपरेशन, हे सरकारी डेंटल कॉलेजात होतं. दर महिन्याला वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा. आणि कुठे जखम किंवा लाल-पांढरा चट्टा दिसला तर तुकडा काढायला वेळ लावू नका.

प्रश्न : मुलीचे दुधाचे दात पडतायत, ते बँकेत ठेवले तर पुढे घरात कुणाला तोंडाचा कॅन्सर झाल्यास उपयोग होईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही. दुधाच्या दातात स्टेम सेल असतात हे २००३ मध्ये सिद्ध झालंय आणि त्यावर हाड, दाताचा गर यासाठी संशोधन चालू आहे, पण त्या पेशींनी कॅन्सर बरा होत नाही. या अंकात ज्या कॅन्सर स्टेम सेलबद्दल बोलतोय त्या गाठीतल्या, या पूर्ण वेगळ्या. ते पैसे ठेवा.

प्रश्न : तुकडा काढला की कॅन्सर चाळवतो आणि पसरतो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. रक्तातून किंवा थुंकीतून मार्कर बघून भागत नाही का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे ऐकून ऐकून जीव थकतो, कारण या एका समजुतीपायी माणसं महिनोन् महिने घरी बसतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. होतं असं की तुकडा काढेपर्यंतच आजार बराच पुढे गेलेला असतो, रिपोर्ट येतो, मग पैशांची जुळवाजुळव करण्यात दोन महिने जातात, तेवढ्यात गाठ वाढते आणि बोल तुकड्याला लागतो. जागा बधिर करतात, डाळीच्या दाण्याएवढा भाग काढतात, एखादा टाका. थुंकीवरच्या टेस्टवर काम चालू आहे, पण आज तरी तुकड्याला पर्याय नाही, स्टेम सेलचे मार्कर बघायचे म्हटलं तरी तुकडाच लागतो.

प्रश्न : आत्या ६२ वर्षांची, लहानपणापासून मिश्री लावते. तिला ही मार्करची टेस्ट करून घ्यावी का? आमच्या गावात सोय नाही. (वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आत्याला टेस्टची नाही, बॅटरीची गरज आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून जवळपास १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात आरोग्य सेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या उजेडात तोंडं बघितली, आणि २००५ मध्ये निकाल आला की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. ना मार्कर, ना मशीन. २०२२ मध्ये आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट साधारण १ लाख ४३ हजार होते, जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि त्यातले बरेच जण उशिरा येतात, म्हणून मी हे इतकं धरून बसलेय.

खिडकीपाशी उजेडात बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा. दोन्ही गाल बोटाने ओढून आतून, मिश्री जिथे धरते ती ओठाची आणि हिरडीची मधली खाच, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जीभ वर करून खालचा भाग, मग टाळू. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल मखमलीसारखा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारा कडकपणा किंवा आपोआप हलायला लागलेला दात, यातलं काही दिसलं तर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरांकडे न्या. मिश्री सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर फुकट आहे, तिथे समजावून सांगायला माणसं असतात. आणि कवळी असेल तर बघताना ती काढायला लावा, कवळीखालची हिरडी बघायची हमखास राहून जाते.